ट्रक जुना आहे, मिस्त्री कोणता धरू?

प्रश्न : माझी टाटा २५१५ आहे, दहा टायर, २००८ चं मॉडेल, कमिन्स इंजिन. गाडी मी स्वतःच चालवतो. शिरपूरहून मका नाहीतर कापसाच्या गाठी भरतो आणि इंदूर साइडला जातो. दिवाळीपासून गाडी ओढत नाही, बिजासन घाटात तर जीव नकोसा होतो, मागून काळा धूर मारते आणि ऑइलचं झाकण काढलं की आतून भकाभका वाफ येते. एका मिस्त्रीने दोन मिनिटं रेस करून ऐकलं आणि सांगितलं, इंजिन बॅक मारतंय (ऑइलच्या झाकणातून हवा-वाफ बाहेर फेकतंय), फुल काम काढा, सव्वा लाख. दुसरा म्हणतो इंजिनाला काही झालं नाही, पंप-नोझल (डिझेल ढकलणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे नोझल) करून घ्या, वीस हजारात होऊन जाईल. आमचा जुना मिस्त्री आता काम करत नाही. विश्वासाचा माणूस ओळखायचा कसा भाऊ?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : दादा, दोघांतला खरा कोण हे गाडी न बघता मी सांगणार नाही, पण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही आणि माझं सगळं उत्तर त्या एका गोष्टीवर आहे. दोघांपैकी कोणीही काही मोजलेलं नाही. एकाने कानाने ठरवलं, दुसऱ्याने धूर बघून ठरवलं. कान तयार असतो जुन्या मिस्त्रींचा, ते मी मान्यच करतो, पण सव्वा लाखाचं काम कानावर काढायचं नसतं. जो इंजिन खोलायच्या आधी मोजतो आणि मोजलेलं तुम्हाला दाखवतो त्याच्याकडे गाडी द्या, मग तो धुळ्याचा असो की चोपड्याचा, त्याचं गॅरेज पत्र्याचं असो की टाइल्सचं.

आता मोजायचं काय. आधी फुकटातलं. एअर फिल्टर काढून बघायला सांगा, आपल्याकडे जिनिंगच्या आवारात आणि मक्याच्या भुशात उभी राहणारी गाडी फिल्टर लवकर चोक करते आणि फिल्टर चोक असला की लोडवर काळा धूर येणारच. मग टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंजिनापर्यंत हवा नेणारे पाइप, त्यांचे रबरी होज आणि क्लिपा. होज चिरला की हवा बाहेर जाते, डिझेल तेवढंच पडतं, गाडी काळं ओकते आणि ओढत नाही, ही दोन्ही लक्षणं तुमच्यासारखीच. हे बघायला पाना सुद्धा फार लागत नाही आणि तरी लोक इथून सुरुवात करत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

नंतर नोझल. तुमचं इंजिन जुनं, मेकॅनिकल पंपाचं आहे, त्यात चांगला मिस्त्री गाडी स्लोवर ठेवतो आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करतो. नट ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. सिलिंडर चांगलं काम करत असेल तर इंजिन लगेच अडखळतं, आवाज बदलतो. आणि जिथे नट ढिला करूनही काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला असतो. सहाही सिलिंडरला असं करायला दहा मिनिटं लागतात आणि तुम्ही बाजूला उभं राहून स्वतः ऐकू शकता. फक्त हात त्या फवाऱ्यापासून लांब ठेवा, त्या प्रेशरचं डिझेल कातडीच्या आत घुसतं. आणि हे नव्या गाडीवर कुणालाही करू देऊ नका, २०१७ ला बीएस-४ (धुराचे कडक नियम) सगळीकडे लागू झाल्यापासून कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या) गाड्या आल्या, त्यांच्या पाइपात हजार बारच्या वर प्रेशर असतं, तिथे चालू इंजिनाचा पाइप ढिला करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पंपाचं म्हणाल तर पंपावरचं सील बघा. मागे कोणीतरी पिकअपसाठी डिझेल वाढवून दिलेलं असतं, सील तोडून स्क्रू फिरवलेला असतो, मालकाला पत्ताही नसतो. त्याने गाडी चार दिवस पळते, मग धूर मारते, गरम होते आणि शेवटी पिस्टन जातं. पंप आणि नोझल बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) लावूनच तपासायचे, आणि बेंचवर आधी काय आलं, काम केल्यावर काय आलं हे लिहून मागायचं.

आता बॅकचं. झाकण काढल्यावर जुन्या इंजिनात थोडी वाफ येतेच. गाडी गरम करा, स्लोवर ठेवा, झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर बॅक जास्त आहे. पण इथेच सगळ्यात मोठी फसगत होते, कारण बॅक आली म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असं डोळे झाकून धरलं जातं आणि तसं नेहमी नसतं. ब्रेकच्या हवेचा कंप्रेसर घासला असेल तर तो सुद्धा हवा इंजिनाच्या चेंबरमध्ये ढकलतो. टर्बोचं सील गेलं असेल तर तिथूनही येते. हवेची टाकी रिकामी करून इंजिन चालू ठेवा, टाकी भरताना बॅक जास्त आणि टाकी भरून हवा सुटली की बॅक कमी, असं दिसलं तर संशय आधी कंप्रेसरवर घ्या. टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाण्यासोबत ऑइल निघतं का तेही बघा. कंप्रेसरचं काम फुल इंजिनच्या मानाने किरकोळ आहे दादा, आणि तेवढ्यासाठी लोकांची इंजिनं उतरलेली आहेत.

एवढं करूनही शंका राहिली तर नोझलच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) घ्या. एका आकड्याकडे बघू नका, सहा सिलिंडरमधला आपसातला फरक बघा. सगळे जवळपास सारखे आणि कंपनीच्या मापात आले तर फुल कामाची घाई कशाला? एखाददुसरा खूप पडलेला असेल, नाहीतर सगळेच मापाखाली असतील, तर मात्र पहिला मिस्त्री बरोबर असू शकतो, आणि मग खर्च टाळू नका.

इंजिन खोलावंच लागलं तर मिस्त्रीला एक प्रश्न विचारा : लायनर कोणते टाकणार? लायनर म्हणजे सिलिंडरच्या भोकात बसवायची वेगळी नळी. तुमच्या कमिन्सच्या ६बीटी इंजिनात ती कंपनीकडून येतच नाही, बोअर (ते भोक) थेट ब्लॉकमध्ये असतं. ते आधी मोजायचं, वर, मध्ये, खाली, आडवं-उभं, आणि घासलं असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचं. त्याच्या पुढे गेलं असेल तर स्लीव्ह (आतून वेगळी नळी) मारतात. टाटाचं ६९७ इंजिन वेगळं, त्याचा हिशोब वेगळा (६ सिलिंडर आणि ९७ एमएमचं बोअर, म्हणून ते नाव). ज्याला हा फरक माहीत आहे तो समजावून सांगेल. जो न बघताच लायनर-पिस्टन सेटची यादी हातात देतो त्याने हे इंजिन फारसं बांधलेलं नाही असं समजा.

असा माणूस शोधायचा कुठे, तर गॅरेजवाल्यालाच विचारू नका आणि पार्टच्या दुकानात एकट्यावर भरवसा ठेवू नका, तिथे कमिशनचं असतं. लेथ आणि बोअरिंगवाल्याकडे जा. जळगावला अजिंठा चौफुलीपासून एमआयडीसीपर्यंत, धुळ्याला अवधानच्या बाजूला, अशी माणसं सापडतात. त्यांच्याकडे सगळ्या मिस्त्रींचे ब्लॉक आणि क्रँक येतात, कोणाचं काम वर्षाच्या आत परत येतं आणि कोण मोजमापासाठी दोनदा फोन करतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. पंपाच्या बेंचवाल्याचंही तसंच. सावदा-रावेरला केळी भरणाऱ्या जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर विचारा, पण ‘मिस्त्री चांगला आहे का’ असं नको, ‘काम झाल्यावर गाडी किती फेऱ्या बिनतक्रार चालली’ असं विचारा. आणि एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस मिळाला तर सोडू नका. जळगाव आणि धुळे दोन्ही एसटीचे विभाग, त्यामुळे आपल्या भागात अशी माणसं आहेत, टाटा आणि लेलँड त्यांनी आयुष्यभर उघडली-बांधली, आणि रजिस्टरमध्ये नोंद करून काम करायची सवय त्यांना लागलेली असते. ते स्वतः काम करणार नाहीत कदाचित, पण तुमच्यासोबत गॅरेजला येऊन उभे राहिले तरी निम्मं काम झालं.

गॅरेजला गेल्यावर टॉर्क पाना (बोल्ट ठरल्या जोराने आवळणारा) भिंतीला आहे का बघा. हेडचे बोल्ट अंदाजाने आवळणाऱ्याकडे थांबू नका. जुने पार्ट परत द्यायचे हे आधीच बोला. पार्ट स्वतः जाऊन घ्या, बिलासकट. आणि खोलल्यावर जास्तीचं काम निघालं तर फोन केल्याशिवाय पुढे जायचं नाही हे कागदावर घ्या.

एक मिस्त्रींच्या बाजूनेही सांगतो. आपल्याकडे मालक लोक चांगल्या माणसाला उधारीत अडकवतात, महागाची बेरिंग नको म्हणतात, डुप्लिकेट आणून देतात आणि मग इंजिन बसलं की त्याच्या नावाने बोंब मारतात. तपासणीचे पैसे वेगळे द्या, काम त्याच्याकडे करायचं नसलं तरी द्या. तपासणीला पैसे मिळत नाहीत म्हणूनच सगळे थेट इंजिन उतरवायला निघतात.

प्रश्न : ट्रकचं फुल इंजिन करून घेतलं, चार महिन्यांत परत ऑइल खायला लागली. गॅरेजवाला फोन उचलत नाही. पक्कं बिल नाही, पैसे फोनवरून पाठवले होते. आता दुसऱ्याकडे खोलू का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : खोलू नका, निदान लगेच नको. एकदा दुसऱ्याने खोललं की पहिला म्हणणार त्यानेच बिघडवलं. आधी परवानाधारक सर्व्हेअरकडून नाहीतर दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीकडून गाडी आहे तशी तपासून लेखी घ्या, किती किलोमीटरला किती ऑइल टाकावं लागतं ते तारखेसकट लिहा, आणि खोलायची वेळ आली तर पहिल्याला तारीख कळवून बोलवा, तो आला नाही तर फोटो-व्हिडिओ काढत खोला. पैसे पाठवल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पार्टची बिलं, हे सगळं पुरावाच आहे, पक्कं बिल नाही म्हणून हात झटकता येत नाहीत.

मग स्पीड पोस्टाने नोटीस द्या. तरी ऐकलं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ट्रक धंद्याचा आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं समोरचा म्हणेल, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलेलं आहे की स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठीच वस्तू घेऊन वापरली तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत, म्हणून गाडी एकच आहे आणि स्वतः चालवता हे तक्रारीत ठळक लिहा. तक्रार २ वर्षांच्या आत करायची, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, काही जण तेवढ्यानेच फोन उचलायला लागतात. तोवर ऑइल लेव्हल रोज सकाळी बघूनच गाडी काढा.