वाचकांचे प्रश्न : पिकअपच्या काचा आणि बटणांची सोय

प्रश्न : देवगडजवळ माझी हापूसची बाग आहे. आजवर हँडल फिरवून काचा वरखाली करायची पिकअप वापरली. आता डबल कॅबची (मागे आसनांची दुसरी रांग असलेली) नवी घ्यायची आहे. महागड्या मॉडेलमध्ये चालकाकडच्या काचेला वन टच (बटण एकदाच दाबले की काच पूर्ण सरकते), मध्ये काही आल्यास काच आपोआप परत खाली येण्याची व्यवस्था आणि रिमोटवरून सर्व काचा उघडण्याची सोय आहे. थोरले बंधू म्हणतात, ‘मालाच्या गाडीला ही नाटकं कशाला? खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकणार नाहीत.’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? शिवाय गाडी लॉक करताच काचा वर नेणारे किट बाजारात मिळते, ते बसवावे का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : आपल्या बंधूंचा खाऱ्या हवेचा मुद्दा रास्त आहे, ‘नाटकां’चा मात्र नाही. पिकअपची केबिन रुंद असते आणि माल घेऊन जाताना चालक बहुधा एकटाच असतो. मे महिन्यात पेट्या भरून वाशीला निघालेल्या गाडीला खेडच्या पुढे वळवाच्या सरीने गाठले, तर हँडलच्या गाडीत डावीकडची काच लावण्यासाठी गाडी कडेला घ्यावी लागते किंवा स्टिअरिंग सोडून आडवे व्हावे लागते, आणि घाई असलेला माणूस दुसराच मार्ग निवडतो, हे आपण जाणताच. चालकाच्या दारावरून सर्व काचा चालणे ही पहिली आणि सर्वांत मोठी सोय होय. वन टच ही तिच्यावरची भर. टोलनाक्यावर किंवा घाटातल्या वळणावर स्टिअरिंग धरणारा उजवा हात बटणावर अडकून राहत नाही, एवढाच तिचा लाभ आहे, पण तो दिवसातून अनेकदा मिळतो.

बटणावर ‘ऑटो’ लिहिलेले असले तरी काच एका स्पर्शात फक्त खाली जाते की वरही येते, हे गाडी पाहतानाच तपासावे. खाली जाणाऱ्या काचेत फारसा धोका नसतो; आपोआप वर येणारी काच मात्र बोट किंवा मान पकडू शकते. म्हणून अशा काचेच्या मोटरला फेऱ्या मोजणारा सेन्सर जोडलेला असतो. फेऱ्यांचा वेग अचानक मंदावला की मध्ये काही आले असे समजून यंत्रणा काच उलट फिरवते. युरोपात लागू असलेल्या नियमानुसार, काचेच्या वरच्या कडेपासून 4 ते 200 मिलिमीटरच्या फटीत हा दाब 100 न्यूटनवर, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाच्या भारावर जाता कामा नये. विक्रेता हात घालून दाखवील. आपण गुंडाळलेले वर्तमानपत्र वापरावे.

रिमोटवरून काचा उघडण्याच्या सोयीबाबत माझे मत दुहेरी आहे. उन्हात उभ्या गाडीकडे येताना दुरूनच बटण दाबून धरले की कोंडलेली गरम हवा आपण बसण्याआधी निघून जाते. काचांवर काळी फिल्म चिकटवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंद केला असल्याने हा दिलासा थोडका नव्हे. परंतु जून महिन्यात एका रात्री मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर किल्ली पँटच्या खिशात ठेवून माशांचे क्रेट उचलत होतो. वाकताना बटण केव्हा दाबले गेले ते कळलेच नाही, आणि पहाटे पाहतो तो चारही काचा खाली, आसने चिंब, दाराच्या आतला पुठ्ठा फुगलेला. त्या केबिनचा कुबट वास गणपतीपर्यंत गेला नाही. बऱ्याच गाड्यांत ही सोय सेटिंगमधून किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये बंद करून मिळते. आपल्या गाडीत तसे होते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि पावसाळ्याचे चार महिने ती बंदच ठेवावी.

किट मात्र बसवू नये. साधे किट ठरावीक सेकंद मोटरला वीज देते. मध्ये काय आले याची त्याला जाण नसते, आणि डबल कॅबमध्ये मागे मुले बसणारच. काच उलट फिरवणारी यंत्रणा नसेल, तर रिमोटचे बटण सतत दाबून धरल्याशिवाय आणि गाडीपासून 6 मीटरच्या आत असल्याशिवाय काच बंद होता कामा नये, असा अमेरिकेतला नियम आहे. बंद करणाऱ्याला काच दिसत असावी, हा त्यामागचा विचार. किटमध्ये नेमके तेच राहून जाते. वायरिंग कापल्याने वॉरंटीचा वाद उभा राहतो तो निराळाच.

आता खारी हवा. काचेच्या कडेने थोडे पाणी दारात उतरतेच आणि दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे चिखलाने आणि पाचोळ्याने बुजली की पाणी आत साचून मोटर आणि तारा गंजू लागतात. पावसाळ्यापूर्वी ती काडीने मोकळी करावीत. काच ज्या रबरी खाचेत सरकते तिथे जांभ्याची तांबडी धूळ ओलाव्याने घट्ट बसते, काच जड चालते आणि यंत्रणेला वाटते की मध्ये काही अडकले. ओल्या फडक्याने खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने रबर फुगते आणि धूळ अधिकच धरते.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून वन टच चालत नाही. मेकॅनिक मोटर बदलायला सांगतो. – एक वाचक, गुहागर

उत्तर : तूर्त मोटर बदलू नये. वीज तुटल्याने काचेची वरची हद्द यंत्रणा विसरली असावी. बहुतेक गाड्यांत इग्निशन चालू ठेवून काच पूर्ण खाली न्यावी, मग बटण वर ओढून ती पूर्ण बंद करावी आणि बंद झाल्यावरही बटण काही सेकंद तसेच धरावे. आपल्या गाडीची नेमकी रीत मॅन्युअलमध्ये असते.

प्रश्न : पुरात पॉवर विंडो चालतील का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : 22 जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या गावाने हे विचारणे साहजिक आहे. पाणी शिरताच वीज लगेच जाईलच असे नाही, पण भरवसा धरू नये. पाणी दारापर्यंत चढण्याआधीच काचा खाली घ्याव्यात, कारण नंतर बाहेरच्या दाबाने दारही उघडत नाही. समोरची काच थरांची असल्याने फुटून वाट देत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर ‘टेम्पर्ड’ (घाव बसताच बारीक तुकडे होणारी काच) असा शिक्का असेल, तर तिच्या कडेजवळ टोकदार हातोडीने घाव घालावा. ही हातोडी डिकीत किंवा मागच्या हौद्यात नको, पट्टा बांधून बसलेल्या चालकाच्या हाताला लागेल अशा जागी असावी.