आजी एकाला लगेच नाही म्हणाली, दुसऱ्याला "प्रार्थना करून सांगते"

बाळा, काल तू विचारलंस की आजी फोनवर त्या एजंटकाकांना एका गोष्टीला पटकन नाही म्हणाली आणि दुसरीला "प्रार्थना करून सांगते", मग दोन्हींसाठी प्रार्थना का नाही, आणि मराठी लोक असंच बोलतात का. सगळे नाही गं, पण आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत हे वाक्य रोजचं आहे, लग्न असो, नोकरी असो नाहीतर जागा.

भायखळ्याची जागा विकायची का, हा विचार चाललाय तिचा. एजंट म्हणाला साठ-चाळीस करू, म्हणजे साठ टक्के ॲग्रीमेंटमध्ये दाखवायचे आणि चाळीस रोख हातात, कुठे लिहायचंच नाही. मुंबईत स्टँप ड्युटी साधारण 6 टक्के, आकडा कमी दाखवला की घेणाऱ्याचे पैसे वाचतात आणि विकणाऱ्याचा टॅक्स. जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घ्यायला 2015 पासून कायद्यानेच बंदी आहे, तरी चालतं. आजी म्हणाली, "सगळे पैसे बँकेतून, नाहीतर राहू द्या." तो म्हणे मावशी सगळेच करतात, तर ती म्हणाली, "करत असतील हो."

इथे देवाला विचारायचं काही उरलंच नव्हतं. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं, हे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय, आणि खोट्या तराजूची परमेश्वराला चीड आहे हे बायबलच्या नीतिसूत्रांत आहे. सांगून झालेलं परत विचारायला गेलं की माणूस खरं तर सूट मागत असतो, आणि मला ही प्रार्थना फार धोक्याची वाटते, कारण आपल्याला हवं तेच देवाचं उत्तर वाटायला लागतं. काही जण गिदोनासारखी खूण मागतात, त्याने रात्री लोकर बाहेर ठेवून देवाकडे खूण मागितली होती, पण बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा 6वा अध्याय नीट वाच, काय करायचं ते गिदोनाला आधीच सांगितलेलं होतं.

पण जागा विकून नाशिकला मावशीजवळ जायचं की भायखळ्यातच राहायचं, यात पाप-पुण्य नाही, दोन्ही चांगलंच. त्यासाठी ती पहाटे उठून वचन वाचते, गुडघे टेकते, पाळकसाहेबांशी बोलते, आणि नाशिकला डॉक्टर किती लांब आहे तेही मावशीला विचारून घेते. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे ना, ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाजवळ मागावं, तेच मागते ती.

संडे स्कूलमध्ये तुम्हाला राजाचा अधिकारी दानीएल सिंहांच्या गुहेत टाकला गेला ती गोष्ट सांगतात, मला त्याआधीचं जास्त आवडतं. वैऱ्यांनी त्याच्या सरकारी कामात खोट शोधली, एकही सापडली नाही, आणि हाच माणूस खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा.

आजीचं अजून ठरलेलं नाही. रविवारी फोनवर तूच विचार, आणि तुला काय वाटतं तेही सांग, नातवंडांचं ती नीट ऐकून घेते.