आईंचा फ्लॅट विकून डिमेन्शिया केअर होमला ठेवावं का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. आई 76 वर्षांच्या, डिमेन्शिया, डॉक्टर म्हणतात सुरुवातीचा टप्पा संपत आलाय, रात्री कडी काढून जिना उतरतात. तुम्ही 52, ठाण्यात नोकरी, भाऊ अमेरिकेत. पुण्यातल्या केअर होमने महिन्याला 48 हजार सांगितलेत, वर डायपर-औषधांचे सात धरले की 55. आईंची फॅमिली पेन्शन 24 हजार, एफडी 28 लाख, नाशिकचा फ्लॅट 55 लाखांचा आणि त्याचं भाडं 12 हजार. नोकरी सोडून घरी सांभाळू की फ्लॅट विकू, असं विचारलंय, आणि भाऊ म्हणतो पॉवर ऑफ अॅटर्नी (आईंच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) करून ठेव, विकायचं नंतर बघू.

नोकरी सोडू नका. हे काम चोवीस तासांचं आहे, एकट्या माणसाने सहा महिने केलं की तोच आजारी पडतो, आणि आठ वर्षांचा पगार, पीएफ गेला तर तुमच्या म्हातारपणाचं कोण बघणार?

"आईच्या पैशाला हात लावताना चोरी केल्यासारखं वाटतं" असं लिहिलंत, ते वाचून वाईट वाटलं. अहो, बाबांनी पै-पै जमवली ती याच दिवसांसाठी. आई असेपर्यंत तो वारसा नाही, तो त्यांच्या औषधाचा, स्वच्छ चादरीचा पैसा आहे, आणि हे भावालाही स्पष्ट सांगा.

आता हिशोब. एफडीतले चार लाख हाताशी ठेवा, 24 लाख सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये, सध्या 8.2 टक्के, म्हणजे दर तिमाहीला 49,200, महिन्याला 16,400. त्यात पेन्शन आणि भाडं मिळवून 52,400. 55 ला अडीच हजार कमी, आज कसंबसं जमवता येईल, पण केअर होमवाले दरवर्षी फी वाढवतात, आठ टक्के धरले तरी पाच वर्षांत 55 चे 80 हजारांवर जातात आणि भाडं काही त्या वेगाने वाढत नाही. फ्लॅट विकून कर, दलाली जाऊन 50 लाख आले आणि साडेसहा टक्के धरले तर 12 हजारांच्या जागी 27 हजार येतात. पुढे मुद्दल थोडं थोडं मोडावं लागलं तरी चालेल, ते त्यासाठीच आहे.

म्हणून माझं मत, विका, आणि लांबवू नका. पॉवर ऑफ अॅटर्नीवर विसंबून राहू नका, कारण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्या माणसाची समज गेली की ती संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. मग हायकोर्टात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते, त्यात वेळ, वकील, पैसा सगळंच जातं. त्यामुळे रजिस्ट्रेशनच्या आठवड्यातच न्यूरोलॉजिस्टचं सर्टिफिकेट घ्या, आईंना सकाळी फ्रेश असताना नीट सांगा, त्यांना कळतंय आणि पटतंय तरच सही. कळत नसेल तर हात धरून सही घेऊ नका, तेव्हा कोर्टाचाच रस्ता. सिनियर सिटिझन स्कीमचा फॉर्म, बँकेतलं नॉमिनेशन, मृत्युपत्र हेही याच काळात उरकून घ्या. कराचं सीएला विचारा, जुनं घर आहे त्यामुळे नफ्यावर 12.5 टक्के किंवा इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) धरून 20 टक्के, यातलं कमी पडेल ते बघता येतं.

पण व्यवहाराच्या आधी एक महिना ट्रायल म्हणून ठेवा, खर्च त्या चार लाखांतून. न सांगता चारच्या चहाला जा. माझ्या एका क्लायंटने असंच जाऊन बघितलं, मावशी आजोबांच्या हातात कप देऊन खालून स्वतःच्या हाताचा आधार देऊन बसल्या होत्या, घाई नाही, बोलणं चालू, तिने तिथेच ठरवलं. अॅग्रीमेंटमध्ये बघा, डिपॉझिट परत कधी, फी किती टक्क्यांनी वाढणार, रात्री किती जणांमागे एक मावशी, आणि आई अंथरुणाला खिळल्या तर ठेवतील की घेऊन जा म्हणतील. हा शेवटचा प्रश्न विचारायचा बरेच जण विसरतात.

मेडिक्लेमची आशा धरू नका, ते हॉस्पिटलात अॅडमिट झाल्यावर, राहण्या-सांभाळण्याला नाही. तुम्ही जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर 80डीडीबी हे आयकरातलं सवलतीचं कलम सीएला दाखवा, पण ती सूट उपचारांच्या खर्चाला आहे, पूर्ण फीला नाही.

आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. आई पुण्यात गेल्या तरी तो द्यावाच लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, केअर होममध्ये बसूनसुद्धा, फक्त त्या दिवशी तुम्ही शेजारी असा.