अमरावतीहून चिखलदऱ्याला रोज जायचंय, जुनी एसयूव्ही कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की चिखलदऱ्याला बदली झाली, मुलांच्या शाळेपायी घर अमरावतीतच ठेवायचंय, बजेट ६ लाखांचं आहे आणि मेहुणे म्हणतात फोर बाय फोरच (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळतो ती) घ्या. मी वाटेतल्या परतवाड्याचा. गेली ९ वर्षं याच घाटानं नोकरीला जातो. त्यात दोन जुन्या गाड्या वापरून झाल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशेब करा. जाऊन-येऊन १६० किलोमीटरच्या वर पडतं. महिन्याचे २२ दिवस धरले तरी ३,६०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ४० हजारांच्या आसपास. डिझेल गाडीनं १८ चं अॅव्हरेज दिलं तर महिन्याला २०० लिटर लागतं. तेवढीच पेट्रोल गाडी १४ वर आली तर २५७ लिटर. तुमच्या रनिंगला डिझेलच परवडतं. फोर बाय फोर मात्र नको. रस्ता डांबरी आहे, चिखलात रुतायचा प्रश्न नाही. तो जास्तीचा खर्च चार चांगल्या टायरांवर करा.

आता मॉडेलचं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं आणि त्याच जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅगही. त्याआधीच्या गाड्यांत व्हेरियंटप्रमाणे असतं किंवा नसतं. पावसाळ्यात ओल्या वळणावर एकदम ब्रेक लावायची वेळ आली तर एबीएसची किंमत कळते, म्हणून मी २०१९ च्या मध्यापासून पुढची गाडी बघा असं म्हणेन. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ हा कडक नियम आला. त्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो आणि गावातल्या गावात फिरणाऱ्यांच्या गाडीत तो लवकर चोंदतो. तुमची गाडी रोज लांब पळणार, त्यामुळे तुम्हाला त्याची फार धास्ती नको.

रस्ता सगळा डांबरी असेल तर डिझेल ब्रेझा किंवा डिझेल नेक्सॉन बघा. गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०१८ च्या चाचण्यांत ब्रेझाला ४ आणि नेक्सॉनला ५ तारे मिळाले होते. ब्रेझाचं डिझेल २०२० मध्ये बंद झालं, पण ते १.३ लिटरचं इंजिन इतक्या गाड्यांत बसलेलं आहे की कुठल्याही तालुक्याच्या गावी त्याचा जाणकार मिस्त्री भेटतो. कामासाठी पुढे पाड्यापर्यंत कच्च्या रस्त्यानं जावं लागत असेल तर मात्र बोलेरो किंवा टीयूव्ही ३००. दोन्हींना ट्रकासारखी चेसिस आहे, मार खातात. पण बोलेरोत रोज दीडशेच्या वर किलोमीटर बसलं की कंबर बोलते, हे मी स्वतः भोगलंय.

आता मुख्य गोष्ट. पहिली गाडी घेताना मी फक्त इंजिन पाहिलं होतं. आवाज मऊ, बॉनेटखाली चकाचक, चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ओढायची. ऑगस्टमधली संध्याकाळ होती, सोबत ऑफिसातले दोघं. धामणगाव गढीच्या वर घाट उतरताना जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकाचा असेल. मग ब्रेकचं पेडल स्पंजासारखं लागायला लागलं आणि पुढच्या वळणावर पाय थेट तळाला गेला. दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या अंगाला नालीत चाक घातलं तेव्हा कुठं गाडी थांबली. कोणाला लागलं नाही. मागच्या सीटवरच्या मॅडमनी जेवणाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, खाली उतरल्यावरही त्यांना तो सोडवेना.

दुसऱ्या दिवशी परतवाड्यातल्या मिस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं ऑइल उकळलेल्या चहापत्तीसारखं काळं. म्हणाले, "भाऊ, चढतात त साऱ्याच गाड्या. घेतानी उतरून पाह्यली होती का?"

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते दर २ वर्षांनी बदलायचं असतं. जुन्या ऑइलातलं पाणी घाटात तापलेल्या ब्रेकच्या उष्णतेनं उकळतं आणि त्याची वाफ होते. मग तुम्ही पेडल दाबता तेव्हा ती वाफच दबते, जोर चाकापर्यंत जातच नाही. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा छान लागतं. म्हणून शहरात दहा किलोमीटर चालवून हा दोष कधीच सापडत नाही.

तेव्हा टोकन द्यायच्या आधी गाडी घाटात नेऊन बघा. मिस्त्री सोबत घ्या, त्यांचा दिवसाचा पगार द्या. दुपारी, एसी लावून चढा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात खाली ४४-४५ डिग्री असते, रेडिएटर थकलेला असेल तर काटा चढतोच. मोठ्या चढावर गाडी थांबवून पहिल्या गिअरमध्ये उचला. इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी सरकत नाही, असं झालं तर क्लच प्लेट गेली समजा. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सोडवा. भकाभका धूर आला तर व्यवहार तिथंच सोडा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि पायथ्याशी आल्यावर पेडल पुन्हा दाबून बघा. ते आधीइतकंच वर आणि कडक लागायला हवं. विकणारा म्हणाला की घाटात न्यायची नाही, तर दुसरी गाडी बघा.

कागदांचं थोडक्यात: सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक, कर्ज आणि चलन बघा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर घ्या.

टायरवर कोरलेले चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसो, मी सहा वर्षांच्या वरचा टायर या घाटात ठेवत नाही. गाडी कुठलीही घ्या, घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला, मागच्या मालकानं परवाच बदललं म्हटलं तरी. आणि जुलै लागायच्या आत फॉग लॅम्प आणि नवे वायपर लावून घ्या. वर धुकं उतरलं की समोरच्या बसचे दिवे दहा हातांवर येईपर्यंत दिसत नाहीत.