चालू इंजिनातला भाग काढायला लावणारा कागद

प्रश्न : मी विमान देखभाल अभियांत्रिकीच्या (एएमई) दुसऱ्या वर्षाला आहे. हेलिकॉप्टरच्या इंजिनांची आवड म्हणून हा कोर्स घेतला. सध्या हँगरमध्ये प्रॅक्टिकल ट्रेनिंग चालू आहे. गेल्या महिन्यात एका हेलिकॉप्टरच्या इंजिनातला इंधन पंप काढून शॉपला पाठवला. ग्राउंड रनला (जमिनीवरच इंजिन चालवून पाहताना) इंजिन उत्तम चाललं होतं, गळती नव्हती, कुरकुर नव्हती. तरी सीनिअर म्हणाले, ‘एडी आलाय, काढायचाच.’ त्यानंतर दोन दिवस नुसते कागद भरले. सरकारी हुकूम आला की भाग बदलायचा आणि सही करायची, एवढंच हे काम असेल तर माझ्या डोक्याचा उपयोग काय? हा कोर्स सोडून मेकॅनिकलची डिग्री करावी, असं घरी बोलून दाखवलं. बाबा म्हणतात, आधी कुणाला तरी विचार. – एक विद्यार्थिनी

उत्तर :

तुझ्या बाबांनी थांबवलं ते बरं झालं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं हँगरमध्ये काढली आहेत, त्यामुळे तुझा वैताग मला ओळखीचा आहे. पण तू ज्याला ‘सरकारी हुकूम’ म्हणतेस, तो कागद तुझ्या हातात आला तेव्हा त्याच्या मागचं सगळं काम संपलेलं होतं. तुला दिसलं ते फक्त शेवटचं पान. म्हणून करिअरचं बोलण्याआधी त्या कागदाचं बोलू.

एडी म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, उड्डाणयोग्यतेचा बंधनकारक आदेश. इंजिन बनवणारी कंपनी सर्व्हिस बुलेटिन काढते, ती कंपनीची सूचना असते. एडी मात्र कायदा असतो. त्यात सांगितलेलं काम सांगितलेल्या मुदतीत झालं नाही, तर ते हेलिकॉप्टर उडवणं बेकायदा ठरतं, मग इंजिन कितीही गोड चालत असो. अमेरिकेत हे नियम एफएए या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या ‘भाग ३९’मध्ये आहेत आणि तिथे एडी काढण्यासाठी दोन अटी घातल्या आहेत. त्या प्रकारच्या यंत्रात असुरक्षित स्थिती असली पाहिजे, आणि तीच स्थिती त्याच डिझाइनच्या इतर यंत्रांमध्येही असण्याची किंवा उद्भवण्याची शक्यता असली पाहिजे. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दुसऱ्या अटीत आहे. एडी तुमच्या पंपाविषयी बोलत नव्हता. तो त्याच डिझाइनच्या, जगभर उडणाऱ्या सगळ्या पंपांविषयी बोलत होता. त्यातल्या काहींचं काय झालं हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या ग्राउंड रनला ते ठाऊक नव्हतं.

एक खरं उदाहरण घे. फ्रेंच बनावटीच्या एरिएल इंजिनांत अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्समधलं ४१ दातांचं एक गिअर तुटून इंजिन हवेतच बंद पडल्याच्या घटना घडल्या. अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्सवर इंधन पंप चालतो. गिअर तुटलं की पंपाची ड्राइव्ह जाते, इंधन थांबतं आणि इंजिन विझतं. दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरला निदान दुसरं इंजिन असतं. एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरमध्ये पायलटला क्षणात कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन बदलणारा दांडा) खाली दाबून ऑटोरोटेशनमध्ये, म्हणजे इंजिनाविना वाऱ्यावर फिरणाऱ्या रोटरच्या आधाराने उतरण्यात, जावं लागतं, आणि खाली उतरण्याजोगी जागा आहे की नाही हे त्या क्षणी नशिबावर असतं. या प्रकरणात आदेशाने सरसकट सगळी गिअर काढायला लावली नाहीत. जास्त धोक्याच्या इंजिनांचं गिअरबॉक्स कंपन ठराविक काळाने मोजा आणि मोजणीत नापास झालं तर गिअरबॉक्सचं मॉड्यूल (इंजिनाचा अख्खा सुटा होणारा भाग) बदला, असं सांगितलं. कुठल्या इंजिनांना धोका जास्त, कंपनाची मर्यादा किती, पुन्हा किती तासांनी मोजायचं, हे कुणीतरी मोडकं गिअर सूक्ष्मदर्शकाखाली धरून आणि आकडेमोड करून ठरवलेलं आहे. डोक्याचा उपयोग काय, असं तू विचारतेस. तो इथे झाला.

‘चांगला चाललेला भाग का काढायचा’ हा सल सहज जाणार नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. धातूचा थकवा आवाज करत नाही. एप्रिल २००९मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ सुपर प्यूमा जातीचं हेलिकॉप्टर कोसळून १६ जण गेले. मुख्य गिअरबॉक्समधलं एक प्लॅनेट गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारं गिअर) थकव्याने फुटलं होतं. त्याच कुळातलं दुसरं हेलिकॉप्टर, ईसी-२२५, २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉय इथे पडलं. तिथेही प्लॅनेट गिअरच फुटलं, मुख्य रोटर सुटून गेला आणि १३ जण मेले. तडा पृष्ठभागाखालून वाढत गेला होता. सुटलेला धातूचा कण पकडून इशारा देण्यासाठी गिअरबॉक्सच्या तेलात चिप डिटेक्टर असतो, पण इशारा मिळावा इतके कण सुटलेच नव्हते. अपघाताच्या सकाळी कुणी त्या हेलिकॉप्टरचा ग्राउंड रन घेतला असता, तर तोही उत्तमच आला असता. जून २०१६मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा प्राधिकरणाने, ईएएसएने, या हेलिकॉप्टरांचं उड्डाणच थांबवलं. ऑक्टोबरमध्ये बंदी उठवली ती अटींवर : वापरात असलेल्या दोन प्रकारच्या प्लॅनेट गिअरपैकी ज्यावर ताण जास्त येत होता तो प्रकार काढून टाकायचा, उरलेल्याचं सेवा-आयुष्य कमी करायचं, तेलातल्या कणांची तपासणी जास्त वेळा करायची. हे इंजिन नव्हतं, गिअरबॉक्स होता. पण तुझ्या पंपाला लागू झालेला न्याय हाच आहे.

आता तुझ्या हँगरमधल्या डोक्याविषयी. तिथे ते कुठे लागतं हे मी स्वतः चूक करून शिकलो. एका इंजिनासाठी एडी आला. त्यात धोक्याच्या गिअरबॉक्स मॉड्यूलच्या सिरियल नंबरांची यादी होती. इंजिनाच्या मूळ कागदांवरचा मॉड्यूल नंबर मी यादीशी ताडून पाहिला, तो त्यात नव्हता. ‘लागू नाही’ असं लिहून मी सही केली. पण एरिएलसारखी इंजिनं पाच मॉड्यूलमध्ये बांधलेली असतात, आणि दुरुस्तीच्या वेळी एका इंजिनाचं मॉड्यूल दुसऱ्यावर चढतं. आमच्या इंजिनाचं मॉड्यूल आधीच्या एका शॉप व्हिजिटमध्ये बदललेलं होतं. नवं मॉड्यूल यादीत होतं आणि त्याची नोंद लॉगबुकच्या आतल्या पानावर होती. त्याच संध्याकाळी नोंदी पडताळणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती पकडली. हेलिकॉप्टर उडालेलं नव्हतं. त्यांनी मला बोल लावला नाही, फक्त लॉगबुक उघडून माझ्यासमोर ठेवलं. त्यानंतर मी एकही एडी भिंगातून पाहिल्यासारखा वाचल्याशिवाय बंद केला नाही. तू भरलेले ते दोन दिवसांचे कागद म्हणजे हेच काम होतं : हा आदेश या यंत्राला लागू आहे का, कुठल्या नंबरामुळे, किती तासांच्या किंवा सायकलच्या (इंजिन चालू-बंद होण्याच्या फेऱ्यांच्या) आत, आणि केलेल्या कामाचा पुरावा काय. स्पॅनर चालवायला हात लागतो. या प्रश्नांना डोकं लागतं, आणि चुकलं तर परिणाम तुझ्या डोळ्यांआड, हवेत होतो.

नियम डोळे मिटून पाळायला लावतात, हाही तुझा गैरसमज दिसतो. अमेरिकेत साधारणपणे आधी प्रस्तावित नियम प्रसिद्ध होतो आणि त्यावर कुणालाही हरकत नोंदवता येते. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपन्या लिहितात की ही मुदत अव्यवहार्य आहे, सुटे भाग मिळत नाहीत, ही तपासणी दुसऱ्या पद्धतीने होऊ शकते. अंतिम नियमात या हरकतींची उत्तरं छापलेली असतात आणि ती वाचण्यासारखी असतात. धोका तातडीचा असेल तर हा टप्पा वगळून आदेश थेट निघतो. ‘पुढच्या उड्डाणाआधी’ असे शब्द दिसले की हँगरमधली सगळी गडबड थांबते, हे तूही कधीतरी पाहशील. आदेश निघाल्यावरही, त्याच सुरक्षिततेचा दुसरा मार्ग तुला दिसला तर तो तांत्रिक पुराव्यासह प्राधिकरणाकडे मांडता येतो. मंजुरी येईपर्यंत मात्र मूळ आदेशच पाळायचा. ‘आज उडू दे, उद्या बदलू’ असं म्हणणारा माणूस तुला प्रत्येक नोकरीत भेटेल, कधी तो तुझा वरिष्ठच असेल. दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत नेण्यासाठी विशेष उड्डाण परवाना मागता येतो, तोही आदेशात मनाई नसेल तरच. त्यापलीकडे तुझ्याकडे एकच उत्तर आहे, सही न करणं. ते तुला जमेल का, याचा विचार आत्ताच कर. मार्कांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

बसवायच्या भागाचंही तसंच. नवा भाग खोक्यातून चकचकीत निघाला म्हणून बसवायचा नसतो. त्याच्यासोबत अधिकृत रिलीज सर्टिफिकेट हवं. युरोपचा ‘फॉर्म १’, अमेरिकेचा ‘८१३०-३’ हे त्याचेच प्रकार. २०२३मध्ये सीएफएम-५६ या विमान इंजिनांत बनावट कागदपत्रांवर विकलेले भाग बसल्याचं उघड झालं आणि अनेक देशांतल्या विमान कंपन्यांना इंजिनं तपासून ते भाग काढावे लागले. पुरवठादाराचा कागद खरा आहे का, हे विचारणारा माणूसही शेवटी हँगरमधलाच असतो.

आता तुझा खरा प्रश्न, कोर्स सोडायचा का. माझं मत स्पष्ट आहे : सोडू नकोस. तुझ्या पत्रात मला दोन वेगवेगळ्या ओढी दिसतात. एकीला इंजिनाजवळ राहायचं आहे, दुसरीला ‘का’ हे शोधायचं आहे. त्या एका एडीभोवती दोघींसाठी जागा आहेत. लायसन्सधारक अभियंता काम करून किंवा तपासून यंत्र उड्डाणाला मोकळं करतो. टर्बाइन इंजिनाच्या हेलिकॉप्टरसाठी भारतात आणि युरोपात बी-१.३ ही श्रेणी आहे, तुझं लक्ष्य ती असू दे. त्याच्या शेजारी कंटिन्युइंग एअरवर्दिनेसचा, म्हणजे उड्डाणयोग्यता टिकवून ठेवण्याचा विभाग असतो. नवे आदेश रोज तपासणं, ताफ्यातल्या कुठल्या यंत्राला काय लागू होतं ते ठरवणं, मुदतींचा हिशेब ठेवणं हे त्यांचं काम. तुझं पत्र वाचताना मला सारखी हीच जागा आठवत होती. एनडीटीवाले (भाग न मोडता तपासणारे) अल्ट्रासॉनिक लहरी, एडी करंट (धातूत निर्माण केलेला विद्युतप्रवाह) किंवा फ्लुरोसंट पेनिट्रंटने (तड्यात शिरून चमकणाऱ्या द्रवाने) डोळ्यांना न दिसणारा तडा शोधतात. (या एडी करंटचा तुझ्या एडीशी काही संबंध नाही, नव्या मुलांचा हमखास गोंधळ होतो.) इंजिन कंपनीतला विश्वासार्हता अभियंता मोडक्या भागांवरून पुढच्या धोक्याचा अंदाज बांधतो. युरोपीय नियमांत कंपनीला असुरक्षित स्थिती लक्षात आल्यापासून ७२ तासांत प्राधिकरणाला कळवावं लागतं, तेव्हा धावपळ याच लोकांची होते. आणि प्राधिकरणात बसून आदेशाचा मसुदा लिहिणारे अभियंते असतात ते वेगळेच.

शेवटच्या दोन जागांसाठी डिग्री लागते, हे खरं. पदार्थविज्ञान, फ्रॅक्चर मेकॅनिक्स, संख्याशास्त्र यांत मन रमावं लागतं. पण लायसन्स हातात असलेला माणूस डिग्री घेऊन तिथे गेला, तर मुदत ठरवताना त्याला माहीत असतं की तो पंप काढायला किती वेळ लागतो आणि कुठला बोल्ट हाताला येत नाही. फक्त डिग्रीवाल्याला हे कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून क्रम असा ठेव : आधी हा कोर्स, लायसन्सचे पेपर आणि अनुभवाची वर्षं, मग डिग्रीचा विचार. घाई केलीस तर दोन्हीकडून अर्धवट राहशील.

एका बाबतीत मात्र स्वतःशी खरं बोल. लिहिण्या-वाचण्याचाच मनापासून कंटाळा असेल, नंबर ताडताना डोळे पाट्या टाकत असतील, तर हे क्षेत्र तुझं नाही आणि त्यात कमीपणाही नाही. वैताग कागदाचा आहे की कागद न समजल्याचा, हे तपासायला पैसे लागत नाहीत. ईएएसए आणि एफएए यांचे आदेश त्यांच्या संकेतस्थळांवर सर्वांना खुले आहेत. सीनिअरना त्या पंपाच्या एडीचा नंबर विचार. नंबरही बोलतो : ईएएसएच्या नंबराच्या शेवटी ‘ई’ असेल तर तो तातडीचा आदेश असतो. एफएएच्या नंबरात साल, मग वर्षाचा कितवा पंधरवडा, मग अनुक्रमांक असतो. आदेश उघडलास की आधी असुरक्षित स्थितीचा परिच्छेद वाच. नंतर तो कुठल्या पार्ट नंबरांना लागू आहे ते बघ आणि लॉगबुक मागून तुमच्या इंजिनाशी स्वतः ताडून पाहा. शेवटी मुदत बघ आणि ती तेवढीच का दिली असेल, याचा तुझा अंदाज एका कागदावर लिही.

तो कागद सीनिअरना दाखव आणि मलाही पाठव. अंदाज चुकलेला असला तरी चालेल.