गटात बसवले, व्हिडिओ दाखवला, पण धडा कळला का?

प्रश्न : सातवीच्या वर्गात ४८ मुले आहेत. गटकार्य दिले की गटातले दोघे काम करतात, बाकीचे गप्पा मारतात. गटकार्य सोडून द्यावे का?

सोडू नका, काम बदला. ‘मिळून एक तक्ता तयार करा’ म्हटले की ज्याला येते तो सांगतो, ज्याचे अक्षर चांगले तो लिहितो आणि उरलेले स्केचपेनची टोपणे सांभाळतात. त्यांचा काय दोष? तक्ता एकट्यालाही करता येतो. जे एकट्याने होते ते काम गटाला देऊच नये.

मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ‘जिगसॉ’ पद्धत सुरू केली. तिथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना नुकतेच एका वर्गात आणले होते आणि वर्गात तेढ होती. पद्धतीचे मर्म एवढेच की धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे, आणि दुसऱ्याचा तुकडा त्याच्या तोंडूनच मिळणार.

‘अन्न टिकवण्याच्या पद्धती’ हा भाग घ्या. चौघांचे १२ गट करा, प्रत्येक गटात १ ते ४ क्रमांक द्या. १ कडे वाळवणे, २ कडे मीठ-साखर, ३ कडे थंड करणे, ४ कडे उष्णता देणे. मग एकाच क्रमांकाची मुले एकत्र बसवा. पण बारा जणांचा घोळका नको, चौघांचे तीन तयारीचे गट करा. ८ मिनिटे वाचन आणि चर्चा. त्यातली शेवटची दोन मिनिटे पुस्तक मिटून प्रत्येकाने आपल्या शब्दांत तीन वाक्ये लिहायची. मग मूळ गटात परत येऊन प्रत्येकाने ३ मिनिटे समजावायचे. उरलेल्या ८ मिनिटांत पाच प्रश्न, एकेकट्याने. चार प्रश्न चार तुकड्यांवर, पाचवा तुकडे जोडणारा : लोणच्यातले मीठ आणि पापडाला दिलेले ऊन, दोन्हींमुळे सूक्ष्मजीवांना नेमके काय मिळत नाही? ‘पाणी’ हे उत्तर ज्याला सुचले त्याला धडा कळला. जागा बदलण्यात चार-पाच मिनिटे जातात, म्हणून ३५ मिनिटांच्या तासाला हे जेमतेम बसते. बाक हलवू नका, पुढच्या बाकावरच्यांना मागे वळवा.

बिघडते ते बहुतेक एकाच ठिकाणी. मूल परत येऊन पुस्तकातली वाक्ये वाचून दाखवते आणि बाकीचे ती उतरवून घेतात. समजावणे राहते बाजूला, श्रुतलेखन होते. पुस्तक मिटण्याची अट त्यासाठीच आहे. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला तयारीच्या गटात चांगल्या वाचकाशेजारी बसवा. मूळ गटात मात्र त्याचा भाग त्यानेच सांगायचा. गटाला बक्षीस द्यायचे असेल तर चौघांच्या स्वतंत्र गुणांची बेरीज धरा, तक्त्याची सजावट नको.

प्रश्न : एका शिबिरात चाचणी घेऊन मुलगी ‘व्हिज्युअल लर्नर’ (म्हणजे पाहूनच चांगले शिकणारी) असल्याचे सांगितले. तिला सगळे विषय चित्रांतून शिकवावेत का?

नाही. त्या चाचणीतून तिची आवड कळते. चित्रांतूनच तिला जास्त समजेल, हे त्यातून ठरत नाही. हा दावा तपासण्याची रीत सरळ आहे. चित्र आवडणारी आणि ऐकणे आवडणारी अशी मुले घ्यायची, दोन्हींतल्या निम्म्यांना आवडीच्या पद्धतीने आणि निम्म्यांना उलट पद्धतीने शिकवायचे, आणि सर्वांची एकच परीक्षा घ्यायची. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचे संशोधन चाळले, तेव्हा इतक्या काटेकोर कसोटीचे अभ्यास फार थोडे सापडले आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष दाव्याच्या विरुद्धच गेले.

माध्यम विषय ठरवतो. कोयना कुठून कुठे वाहते ते नकाशातच दिसणार, कवितेची लय कानानेच कळणार, आणि कर्कटक कसे धरायचे ते हाताने. शब्द आणि चित्र जोडीने दिले तर बहुतेक सगळ्यांनाच जास्त कळते. अशा शिक्क्याचा तोटा म्हणजे मूल म्हणू लागते, ‘मला वाचून समजत नाही, मी व्हिज्युअल आहे.’ अक्षरे उलटसुलट वाचणे किंवा फळा न दिसणे या तक्रारी मात्र निराळ्या. त्यासाठी तज्ज्ञांकडून तपासणीच करून घ्या.

प्रश्न : दहावीचा मुलगा यूट्यूबवर प्रकरण पाहतो, ‘समजले’ म्हणतो, पण पेपरात लिहिता येत नाही. असे का?

समोरच्याने सफाईने सांगितले की आपल्यालाही येते असे वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारले तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवडाभराने मात्र उतारा न पाहता आठवून लिहिणारे पुढे निघाले. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

बहिर्वक्र भिंगाच्या किरणाकृती घ्या. वस्तू एफ-१ (वस्तूच्या बाजूची नाभी) आणि २एफ-१ (नाभीच्या दुप्पट अंतरावरचा बिंदू) यांच्या मध्ये ठेवली की व्हिडिओ थांबवायचा. प्रतिमा कुठे पडेल, सुलट की उलटी, लहान की मोठी, ते आधी वहीत लिहायचे. मग दोन किरण स्वतः काढायचे : मुख्य अक्षाला समांतर जाणारा पलीकडच्या नाभीतून, म्हणजे एफ-२ मधून जाईल, प्रकाशीय मध्यातून जाणारा सरळ. प्रतिमा २एफ-२ च्या पलीकडे, उलटी, मोठी आणि वास्तव आली की मगच पुढे चालवायचे. दहा मिनिटांच्या व्हिडिओला पंचवीस मिनिटे लागतील, लागू द्या. तीच आकृती दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा काढायची. ही दुसरी खेप मुले हमखास गाळतात.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला स्मार्ट टीव्ही मिळाला. मुले शांत बसून पाहतात, पण नंतर विचारले की उत्तरे येत नाहीत.

शांतता हा समजल्याचा पुरावा नव्हे. अनेक व्हिडिओंत निवेदक बोलतो तेच वाक्य पडद्यावर उमटते आणि शेजारी चित्रही हलत असते. डोळे वाक्य वाचण्यात गुंततात, चित्र निसटते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि आवाज एवढेच दिलेल्यांची समज सरस ठरली. (अपवाद परक्या भाषेचा; तिथे पडद्यावरची अक्षरे मदत करतात.) आवाज बंद करून दीड-दोन मिनिटांचा तुकडा दाखवा, निवेदन तुम्ही करा. सुरू करण्याआधी एक प्रश्न फळ्यावर लिहा आणि संपल्यावर उत्तर पाटीवर लिहून सगळ्यांना एकदम वर धरायला सांगा. हात वर करणाऱ्यांनाच विचारले तर वर्गाचा खरा अंदाज येत नाही.

प्रश्न : अभ्यास मोबाइलवरच्या पीडीएफमधून की छापील पुस्तकातून?

माहितीपर मजकूर छापील वाचावा, विशेषतः वेळ मोजून वाचायचे असेल तेव्हा. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कागदाचेच पारडे जड ठरले. गोष्टींच्या वाचनात तसा फरक दिसला नाही.

प्रश्न : सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञानाच्या गटचर्चेत मुले मराठीवरच येतात. थांबवावे का?

थांबवले तर इंग्रजी बोलणारी तीन मुले बोलतील, बाकीची माना डोलावतील. डबक्यातले पाणी कुठे गेले याचा वाद मराठीतच रंगू द्या. शेवटची पाच मिनिटे राखून गटाचे उत्तर दोन इंग्रजी वाक्यांत लिहून घ्या. त्यासाठी इव्हॅपोरेशन, हीट, सरफेस असे पाच-सहा शब्द आणि ‘धिस हॅपन्स बिकॉज...’ अशी अर्धी वाक्ये फळ्यावर आधीच ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे स्पेलिंगचे गुण कापू नका, नाहीतर मुले अवघड शब्द टाळून चुकीचे पण सोपे उत्तर लिहितात.