तारीख नसलेली कायम नोकरी

"मॅडम, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट हातात आहे. घेऊ, की कायम नोकरी मिळेपर्यंत थांबू? एकदा कॉन्ट्रॅक्टचा शिक्का बसला की मग कायम कोणी घेत नाही म्हणतात."

आयटीतली माणसं हा प्रश्न मला 2020 च्या उन्हाळ्यापासून विचारत आली आहेत. कपातीची बातमी आली की तो पुन्हा येतो, जवळजवळ त्याच शब्दांत. उत्तर म्हणून मी बहुतेकांना प्रसादची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. लिहू का विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "लिहा, पण बाबांचं नीट लिहा."

जून 2020. माझं दादरचं समुपदेशनाचं केबिन मार्चपासून बंद, सगळ्या भेटी व्हॉट्सॲपवर. पहिल्या व्हिडिओ कॉलला प्रसाद गच्चीच्या जिन्यात बसलेला, मागे टाकीच्या खोलीचं गंजकं दार. भांडुपचा वन बीएचके, त्यात तो, बायको, सात वर्षांची मुलगी आणि वडील. घरात बोलायला कोपरा नाही म्हणून जिना, असं मी समजले. तसं नव्हतं. नोकरी गेल्याचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं.

ऐरोलीच्या एका कंपनीत नऊ वर्षं कायम नोकरी करून 2018 मध्ये तो जास्त पैशांसाठी कॉन्ट्रॅक्टवर गेला होता. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, पगार वेंडरच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या पेरोलवर, क्लायंट विमान-तिकिटांच्या धंद्यातला. मार्चमध्ये विमानं जमिनीवर आली आणि 30 एप्रिलला प्रसादचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. करारात महिन्याची नोटीस होती. वेंडरने पंधरा दिवसांत हात झटकले. ऑफिसचा लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला आला तेव्हा घरी सांगितलं, "नवीन देणार आहेत." त्या दिवसापासून तो रोज सकाळी शर्ट घालून स्वतःच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसायचा आणि हेडफोन लावायचा. सगळी मुंबईच घरून काम करत होती, त्यामुळे हे सोंग सहज खपून गेलं. बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, पहाटे बेस्टने जायची ती संध्याकाळी यायची. वडील तेवढे दिवसभर घरी. पोराचा कॉल चालू आहे म्हणून ते टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे.

इथे माझी चूक कबूल करते. पहिल्या दोन भेटी मी त्याची झोप, छातीतली धडधड, श्वासाचे व्यायाम यांत घालवल्या. ते चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. त्याची धडधड बऱ्याच अंशी आकड्यांची होती आणि आकडे त्याने एकदाही कागदावर मांडले नव्हते. तिसऱ्या भेटीला मी त्याला मुलीची शंभर पानी वही आणायला सांगितली.

कर्जाचा हप्ता 31,000. किराणा, सोसायटी, लाइट, शाळा, बाबांच्या बीपीच्या गोळ्या मिळून 26,000. बायकोचा पगार 24,000. म्हणजे महिन्याला तूट 33,000. बँकेत 1,98,000. प्रसाद वहीकडे बघत राहिला. "सहा महिने? मला वाटत होतं, पुढच्याच महिन्यात रस्त्यावर येणार." त्यातही रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायला दिलेली सवलत 31 ऑगस्टपर्यंत वाढली होती आणि "सगळेच घेतायत" म्हणून त्याने ती घेतलेली होती, त्यामुळे तोवर तूट फक्त 2,000 ची. व्याज मात्र चालू होतं, हे मी वहीतच लिहायला लावलं. अनेकांना ती हप्तामाफी वाटली होती. पीएफमधून कोविडच्या नावाखाली आगाऊ रक्कम काढता येत होती, शिलकीच्या 75 टक्के किंवा तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, यांत कमी असेल ती. ती शेवटची फळी, तिला आत्ता हात लावायचा नाही, असं ठरलं.

मग मी विचारलं, "ही वही बायकोला कधी दाखवणार?"

त्याने त्याच रात्री दाखवली. ती चिडली. नोकरी गेली म्हणून नाही, सात आठवडे फसवलं म्हणून, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. बाबांना सांगायला गेला तर ते म्हणाले, "माहीत आहे. त्या लॅपटॉपवर बारकोडचं स्टिकर होतं, ह्याच्यावर नाही. आणि तू कॉलवर कधी बोलतच नाहीस."

घरात कळलं की निम्मा जीव मोकळा होतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. तरीही झोप लागतच नसेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर बायोडेटा बाजूला ठेवा आणि आधी फोन करा. सरकारची टेलिमानस ही सेवा आता 14416 वर आहे, चोवीस तास, मराठीतही.

आता नोकरीकडे. प्रसादने दीड महिन्यात नोकरीच्या साइटवरून 140 अर्ज केले होते, सगळीकडे एकच बायोडेटा. ओळखीच्या माणसाला फोन एकही नाही. "काय सांगू त्यांना? घरी बसलोय?" ऐरोलीच्या जुन्या टीममधली दहा नावं मी त्याच्याकडून लिहून घेतली. फोनवर काय बोलायचं तेही ठरवलं. "काही असेल तर सांग" हे वाक्य बाद, कारण त्यावर समोरच्याला काही करताच येत नाही. त्याऐवजी, "एपीआय टेस्टिंग करतो, सेलेनियमवर ऑटोमेशन करतो, पेमेंटच्या प्रोजेक्टवर दोन वर्षं होतो, सोमवारी जॉइन होऊ शकतो." शेवटचा तुकडा सगळ्यात मोलाचा. कायम नोकरीतल्या माणसाला तीन-तीन महिन्यांची नोटीस असते. मंदीत घरी बसलेल्याकडे एकच हुकमाचं पान असतं, तो लगेच येऊ शकतो, आणि नेमकं तेच लोक लाजून लपवतात.

एका जुन्या मॅनेजरने त्याला आतली गोष्ट सांगितली. भरती गोठवली की कायम माणूस घ्यायला मंजुरी मिळत नाही, पण काम तर थांबत नाही. मग वेंडरच्या बजेटातून माणूस आणतात. म्हणून मंदीत आधी कॉन्ट्रॅक्टवाले जातात आणि परततानाही आधी तेच येतात. प्रवास, हॉटेलं बंद होती, पण ऑनलाइन पेमेंट, औषधं, हॉस्पिटलं, शिकवण्या यांची कामं वाढत होती. प्रसादने बायोडेटात "विमान-तिकीट" हा शब्द खाली नेला आणि "पेमेंट" वर आणला. तिकिटाचे पैसे तोच तर तपासायचा! यात खोटं काही नव्हतं.

खोटेपणाचा विषय निघालाच आहे तर, मधले रिकामे महिने झाकू नका. पार्श्वभूमी तपासणारे तुमच्या यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या क्रमांकावरून, पीएफच्या तारखा बघतात आणि कुठली नोकरी कधी संपली ते तिथे दिसतं. कोविडमधला खंड कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तारखेतली लबाडी मात्र हातची ऑफर घालवते.

जुलैअखेर दोन गोष्टी एकदम आल्या. एका बऱ्यापैकी कंपनीचं कायम नोकरीचं ऑफर लेटर, आणि एका वेंडरकडून सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, महिना 70,000. आधी त्याला 92,000 मिळायचे. कायमवाल्यांनी 10 ऑगस्टला घ्यायचं ठरवलं, मग ते 1 सप्टेंबर झालं, मग मेल आला की पुढची तारीख कळवू. त्या वर्षी असं पुष्कळांचं झालं. कॉन्ट्रॅक्टवाला म्हणत होता, सोमवारी या.

माझ्याकडे आला तो तुमचाच प्रश्न घेऊन. मी म्हटलं, एका कागदावर "कायम" हा शब्द आहे, दुसऱ्यावर तारीख आहे; वहीतले महिने कशाने भरतात? तो गप्प. मला वाटलं, त्याला पटलं. नव्हतं पटलं. ते पटवलं बाबांनी, आणि तेही सहज, जेवताना.

बाबा लालबागचे. तरुणपणी गिरणीत बदली कामगार होते. ज्यांनी ती गिरणगावची दुनिया पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरता आत घेतला जाणारा तो बदली. सातच्या पाळीला गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाही तर घरी. "चार वर्षं उभा राहिलो," बाबा म्हणाले. "एकोणऐंशीला कायम झालो. आईने पेढे वाटले. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप, आणि मग घरीच." डॉ. दत्ता सामंतांच्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि त्यातल्या कितीतरी जणांना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. बाबांनी पुढची वीस वर्षं मशीद बंदरच्या एका पेढीत हिशेब लिहिला. "तिथे मला कोणी कायम केलं नाही," म्हणाले आणि ताक मागितलं.

प्रसादने कॉन्ट्रॅक्ट घेतलं. सही करण्याआधी आम्ही त्यातली ओळ न ओळ वाचली, कारण आधीच्या वेळी त्याने वाचली नव्हती. नोटीस एकतर्फी होती, वेंडरला पंधरा दिवस आणि त्याला दोन महिने. दोन्हीकडे महिना करून घेतली. "क्लायंटकडून पैसे आल्यावर पगार" असं एक कलम होतं, ते काढायला लावलं. 70,000 मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलाय का? धरला होता, म्हणजे हातात त्याहून कमीच. क्लायंटने कायम घ्यायचं म्हटलं तर वेंडर अडवणार का, मेडिक्लेममध्ये वडील आहेत का, हेही मेलवर लेखी मागितलं. मेडिक्लेममध्ये वडील नव्हते, ते दुसरीकडे बघावं लागलं. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारा किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे मागणारा असता, तर मी त्याला तिथूनच उठवलं असतं. ती नोकरी नसते, सापळा असतो.

शिक्क्याचं म्हणाल तर, दोन-तीन कॉन्ट्रॅक्टं बायोडेटात सुटी सुटी लिहिली की धरसोड दिसते. "2018 पासून कॉन्ट्रॅक्टवर टेस्टिंग" अशा एका मथळ्याखाली क्लायंट आणि पेरोलवरच्या कंपन्या क्रमाने लिहिल्या की अनुभव दिसतो. शिवाय प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट संपताना रिलिव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन पगारपावत्या मागून घ्या, नंतर वेंडर फोन उचलत नाही. हट्टाने नऊ-दहा महिने कायमचीच वाट बघत बसलेली माणसंही माझ्याकडे आली. मुलाखतीत त्यांना कॉन्ट्रॅक्टबद्दल कोणी विचारलं नाही, इतके दिवस काय करत होतात तेवढं विचारलं.

त्या कायमवाल्या कंपनीने ऑक्टोबरमध्ये दोन ओळींच्या मेलने ऑफर मागे घेतली. पुढे 2021 च्या उन्हाळ्यात आयटीत माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा प्रसादला कायम नोकरी लागली, आणि ती पेमेंटच्याच कामावर. पण त्याआधी फेब्रुवारीत कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. एक्स्टेन्शन येईल म्हणत होते, आलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा कॉल संपला आणि त्याने हेडफोन काढून बाहेरच्या खोलीत येऊन तेव्हाच सांगितलं, "बाबा, आजपासून काम नाही."

बाबांनी विचारलं, "म्हणजे आता कॉल नाही ना?"

"नाही."

त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.